इंजिन तापतंय, पण फक्त २५०० च्या वर! सगळं बदलून झालं, आता काय?

अर्धा नॉट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

होडी ३३ फुटी, शिडाची. आत तीन सिलिंडरचं, २७ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. कूलिंग गोड्या पाण्याचं, म्हणजे आत कूलंट फिरतं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राचं पाणी त्याला गार करतं.

दुखणं असं. २२०० आरपीएमपर्यंत तापमानाचा काटा ८० अंशांवर, अगदी गुण्यागोविंदाने. २५०० च्या वर नेलं की दहा-पंधरा मिनिटांत ९०. २८०० ला वीस मिनिटं झाली की जास्त तापल्याचा भोंगा. वेग उतरवला की थोड्या वेळात परत ८०, जणू काही झालंच नाही.

आतापर्यंतचे उपाय: इम्पेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, नवा घातला (जुन्याची सहाही पाती शाबूत होती). थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नवा. कूलंट बदललं. समुद्राच्या पाण्यातला कचरा अडवणारा स्ट्रेनर धुतला. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय. मेकॅनिक आता म्हणतो इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडू. ते ऐकून माझंच हेड तापलंय.

आणखी एक गंमत. रात्री काटा दिवसापेक्षा वर असतो. त्याच २००० आरपीएमला दिवसा ८०, रात्री ९५. रात्री तर हवा थंड! हे काय गौडबंगाल आहे?

खारट वारा

शिडं आहेत ना होडीला? मग इंजिन सुरूच कशाला करता? (हलके घ्या.)

अर्धा नॉट

वारा पडला की शीड म्हणजे वाळत घातलेली चादर हो.

बिल्जचा उंदीर

रात्री चढणारा काटा... होडीचा आधीचा मालक अजून फेऱ्या मारत असेल. वाचतोय, वाचनखूण साठवतोय.

गियरबाबा

हेडला हात लावू देऊ नका, निदान इतक्यात तरी. हेड गॅस्केट गेलं की त्याची लक्षणं वेगळी दिसतात. एक्स्पान्शन टाकीत थांबायचं नाव न घेणारे बुडबुडे, गार इंजिन सुरू करताच दोन मिनिटांत कूलंटचे होज टणक होणं, कूलंट कुठे गळत नाही तरी पातळी उतरत जाणं, डिपस्टिकवर दुधाळ तेल. यातलं काही आहे का? नसेल तर मेकॅनिकला नमस्कार सांगा.

आता मुद्दा. तुमच्या इंजिनात दोन वेगळे फेरे आहेत आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. आतला फेरा कूलंटचा: पंप, ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट, हीट एक्स्चेंजर, परत पंप. बाहेरचा फेरा समुद्राच्या पाण्याचा: सी-कॉक (होडीच्या तळाशी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), स्ट्रेनर, रबरी इम्पेलरचा पंप, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, एक्झॉस्ट एल्बो, वॉटरलॉक (एक्झॉस्टचं पाणी साठणारा डबा) आणि बाहेर. तुम्ही थोडं इथलं बदललंत, थोडं तिथलं. आधी कुठला फेरा आजारी आहे ते ठरवा, मग स्पॅनर उचला. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

कमी वेगाला ठीक आणि जास्त वेगाला तापतं, याचा अर्थ पाणी येतंय पण पुरत नाही, किंवा पाणी पुरतंय पण उष्णता त्याच्यात उतरत नाही, किंवा इंजिनावर बोजाच जास्त आहे. पाणी मुळीच येत नसतं तर जागच्या जागी आयडलिंगलाच काटा चढला असता.

तांडेल काका

एवढी चर्चा कशाला? थर्मोस्टॅट काढून समुद्रात भिरकावून द्या. आम्ही तीस वर्षं बिनथर्मोस्टॅटची इंजिनं हाकली. कधी तापली नाहीत.

गियरबाबा

काका, तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून: असहमत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडता उघडता बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग कूलंट एक्स्चेंजरकडे न जाता जवळच्या वाटेने पंपाकडे पळतं आणि इंजिन आणखी तापतं. ज्यांच्यात असं होत नाही ती इंजिनं थंडच राहतात, पण थंड डिझेल नीट जळत नाही. काजळी धरते, तेल खराब होतं. तुमची इंजिनं तापली नाहीत हे खरं, पण किती काळी झाली ते कोणी उघडून पाहिलं का?

तांडेल काका

पाहिलं होतं. बरीच काळी होती.

बिल्जचा उंदीर

😂😂 काका, दंडवत.

ओहोटी

मी जरा घाबरलोय. माझ्या जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचा काटा ५५ च्या आसपास असतो. तुम्ही सगळे ८० ला 'गुण्यागोविंदाने' म्हणताय. माझं बिघडलंय की तुमचं?

गियरबाबा

कोणाचंच नाही. तुमच्यात समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असणार. खारं पाणी साधारण ६० च्या पुढे तापलं की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर झपाट्याने बसायला लागतात, म्हणून अशी इंजिनं मुद्दाम गार ठेवतात. यानमार कंपनीच्या जीएम इंजिनांचं उदाहरण घ्या. तेच इंजिन, पण खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या प्रकारात थर्मोस्टॅट ४२ ला उघडायला लागतो आणि ५२ ला पूर्ण उघडतो. कूलंटच्या प्रकारात हेच आकडे ७१ आणि ८५. चुकून एकाचा थर्मोस्टॅट दुसऱ्यात घातला की काय होईल बघा.

अर्धा नॉट, यावरून आठवलं, नव्या थर्मोस्टॅटवरचा आकडा वाचलात ना? पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट, खाली मंद आच. कधी उघडतो ते डोळ्यांनी बघा. नवा आहे म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

अर्धा नॉट

आकडा ७१ आहे. पातेल्याचा प्रयोग केला, ७२-७३ ला हलला आणि ८५ पर्यंत पूर्ण उघडला. बुडबुडे नाहीत, तेल स्वच्छ, कूलंट कमी होत नाही. पातेलं आता घरात परत घेणार नाहीत म्हणे.

डेकवरची ताई

बोजाचं कोणी विचारलंच नाही. पूर्ण थ्रॉटलला पाण्यात चालताना इंजिन किती आरपीएम गाठतं? कमाल ३६०० असेल आणि तुमचं २९०० ला धापा टाकत असेल, तर प्रोपेलरवर शिंपल्यांची वसाहत झाली असेल, नाहीतर पात्यांचा पीळ (पिच) जास्त असेल. अशा वेळी कूलिंग बिचारं निर्दोष असतं. मागून काळा धूर येतो का?

एक्झॉस्ट एल्बोही बघा. गरम धूर आणि खारं पाणी जिथे पहिल्यांदा भेटतात तिथे काजळी आणि मीठ मिळून दगड बनतो. बॅटरी चार्ज करायला तासन्तास आयडलिंगवर इंजिन चालवणाऱ्यांचा एल्बो लवकर बुजतो. आमचा काढला तेव्हा आत करंगळीसुद्धा जात नव्हती. बाहेरून मात्र नवरीसारखा रंगवलेला!

अर्धा नॉट

ताई, ३५०० गाठतं. धूर नाही. प्रोपेलर तीन आठवड्यांपूर्वी खरवडलाय. एल्बो मागच्या वर्षी बदललाय.

बिल्जचा उंदीर

माझा किस्सा सांगून टाकतो. इंजिन चालू, पंधरा मिनिटांत भोंगा. बंद केलं, पाण्यात उडी मारली, सी-कॉकच्या तोंडाशी काही नाही. वर आलो, सुरू केलं, पुन्हा भोंगा. असं तीन वेळा. चौथ्यांदा मित्राला इंजिन चालू ठेवायला सांगितलं (गियर न्यूट्रलला, आणि प्रोपेलरपासून लांब, हे लिहितोय कारण कोणीतरी ओरडणार), वाकून पाहिलं तर एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी छिद्राला चिकटून बसलेली. इंजिन बंद झालं की ओढ थांबायची, पिशवी सुटून बाजूला तरंगायची. चालू केलं की पुन्हा येऊन मिठी मारायची. अशी निष्ठा माणसांत दिसत नाही.

डेकवरची ताई

ओरडते. इंजिन चालू असताना होडीखाली कोणीही जाऊ नये. न्यूट्रल असो वा नसो.

बिल्जचा उंदीर

सांगितलं होतं ना, कोणीतरी ओरडणार.

गियरबाबा

ताईंशी शंभर टक्के सहमत.

आता बादली काढा. दहा लिटरची. रबरी इम्पेलरचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पाणी ढकलतो, त्यामुळे वेग दुप्पट तर पाणीही जवळपास दुप्पट यायला हवं. होडी धक्क्याला बांधा, न्यूट्रलला ठेवा, छोट्या डिंगीतून मागे जाऊन एक्झॉस्टखाली बादली धरा. १०००, २००० आणि २८०० आरपीएमला बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. धूर तोंडावर घेऊ नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा. 'पाणी पडतंय' हे निदान नाही, किती पडतंय ते सांगा.

अर्धा नॉट

केलं. १००० ला ७६ सेकंद, २००० ला ३९, २८०० ला २८. निम्मा शर्ट काळा झाला.

गियरबाबा

२८०० ला मिनिटाला २१ लिटर. प्रमाण बरोबर बसतंय. मग पाणी पुरतंय. संशय हीट एक्स्चेंजरवर. दोन्ही टोकांच्या टोप्या काढा, नळ्यांतून टॉर्च मारून बघा. जुन्या इम्पेलरची पाती, झिंक ॲनोडचे (गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या कांडीचे) तुकडे, समुद्री गवत, सगळं तिथे जाऊन अडकतं. नळ्यांत पांढरा थर असेल तर सौम्य ॲसिडने धुवा, पण आधी ॲनोड काढा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

ओहोटी

अवांतर, पण जीव वाचवणारं. दुरुस्तीनंतर इंजिन सुरू होत नसेल आणि तुम्ही स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत असाल, तर सी-कॉक बंद करा. स्टार्टरवरही पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. वॉटरलॉक भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरात जातं. मी केलंय. इंजिन सुरू होताच सी-कॉक उघडायला विसरू नका. तेही मी केलंय.

बिल्जचा उंदीर

ओहोटी, तुमच्याकडे नाही असा एखादा अनुभव सांगाल का?

अर्धा नॉट

(चार दिवसांनी) एक्स्चेंजर काढला. नळ्या स्वच्छ. म्हणजे अगदी आरपार दिसावं इतक्या. थोडी पिवळट साय होती, तीही धुतली. नवी गॅस्केटं घालून जोडलं, कूलंट भरलं, हवा काढली. आज २८०० ला अठराव्या मिनिटाला भोंगा. मी आता होडी विकून सायकल घ्यावी म्हणतो.

तांडेल काका

थर्मोस्टॅट काढा म्हणालो होतो.

डेकवरची ताई

थांबा. कूलंटच्या फेऱ्याचा पंप पट्ट्यावर चालतो ना? त्याच पट्ट्यावर मोठा अल्टरनेटर बसवलाय का? पट्टा सैल असेल तर जास्त वेगाला घसरतो आणि आसपास काळी भुकटी दिसते.

त्याशिवाय एक काम करा, अंदाज बंद होतील. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर आणा. चकचकीत धातूवर ते खोटं बोलतं, म्हणून मोजायच्या प्रत्येक जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. होडी धक्क्याला दुहेरी दोरांनी घट्ट बांधा, गियर टाका, २८०० वर ठेवा. न्यूट्रलला इंजिन फारसं तापणारच नाही, बोजा हवा. भोंग्याच्या जरा आधी तीन आकडे घ्या: एक्स्चेंजरमध्ये शिरणारं समुद्राचं पाणी, बाहेर पडणारं समुद्राचं पाणी, आणि थर्मोस्टॅटची खोळ.

अर्धा नॉट

पट्टा ठीक, अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबतो, भुकटी नाही. आकडे: आत २७, बाहेर ४६, थर्मोस्टॅटची खोळ ९४. म्हणजे काटा (दिवसा तरी) खरं बोलतोय.

डेकवरची ताई

आता गणित करू. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळ एक तृतीयांश वाटा शाफ्टला, एक तृतीयांश धुरात आणि एक तृतीयांश कूलंटमध्ये जातो. २८०० ला तुमचं इंजिन शाफ्टवर १५ किलोवॅट देतंय असं धरा. म्हणजे समुद्राच्या पाण्यालाही साधारण १५ किलोवॅट उष्णता वाहून न्यायची आहे. मिनिटाला २१ लिटर पाणी असेल तर ते दहा-साडेदहा अंशांनी तापायला हवं. तुमचं तापतंय १९ अंश. उलटं गणित केलं तर पाणी येतं मिनिटाला साडेअकरा-बारा लिटर.

म्हणजे बादली म्हणते २१ आणि थर्मामीटर म्हणतो १२. दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

शिवाय एक्स्चेंजर खरंच घाणीने भरलेला असता तर उलट झालं असतं. उष्णता पाण्यात उतरलीच नसती, पाणी थोडंच तापून बाहेर पडलं असतं आणि कूलंट मात्र उकळत राहिलं असतं. इथे पाण्याला आहे तेवढी उष्णता मिळतेय, पाणीच कमी आहे.

गियरबाबा

ताई, मान गए. मी बादलीवर विश्वास ठेवून बिचाऱ्याला एक्स्चेंजर काढायला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

अर्धा नॉट, एकच प्रश्न: बादली मोजलीत तेव्हा इंजिन गार होतं की अर्धा तास पळालेलं?

अर्धा नॉट

गार. सकाळी सुरू केलं आणि लगेच मोजलं.

अरेच्चा.

गियरबाबा

परत मोजा. धक्क्याला बांधून गियरमध्ये २८०० वर वीस मिनिटं तापवा, मग न्यूट्रलला आणून, वेग तोच ठेवून बादली धरा.

अर्धा नॉट

२८०० ला ५० सेकंद!! मिनिटाला १२ लिटर. ताई, तुम्ही कोण आहात?

डेकवरची ताई

शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पाणी तापवण्याची गणितं वीस वर्षं घालतेय, पहिल्यांदाच कोणाच्या कामी आली.

गियरबाबा

आता पंपाच्या आधी की नंतर? तेही बादलीच सांगेल. सी-कॉक बंद करा, पंपाचा ओढणारा पाइप स्ट्रेनरकडून सोडवा, पंपाच्या तोंडाला एक जाड, आतून तारेची स्प्रिंग असलेला पाइप जोडा आणि त्याचं टोक समुद्राच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत ठेवा. एक माणूस ती भरत राहील असं बघा, कोरडी पडली तर इम्पेलर जळेल. नळाचा पाइप थेट पंपाला जोडू नका, दाबाचं पाणी इम्पेलरला ओलांडून एक्झॉस्टमार्गे इंजिनात शिरू शकतं. तापलेल्या इंजिनावरच मोजा.

पाणी सुधारलं तर दोष सी-कॉक ते पंप यांच्यामध्ये. नाही सुधारलं तर पंपाची झिजलेली कॅम-पट्टी, चरे पडलेलं झाकण, किंवा पुढे एल्बोपर्यंत कुठेतरी.

बिल्जचा उंदीर

सी-कॉकच्या आत शिंपले असतील. स्ट्रेनर धुऊन सगळे खूश होतात, पण स्ट्रेनरच्या आधीच्या कोपऱ्यात वस्ती असते.

ओहोटी

पण शिंपल्यांना इंजिन गार आहे की गरम हे कसं कळणार?

बिल्जचा उंदीर

हं. मुद्दा आहे. माझा शिंपल्यांवरचा आरोप मागे.

खारट वारा

आमच्या होडीचं इंजिन फक्त एका बाजूला कलल्यावर तापायचं. सी-कॉक एका कुशीला होता, शीड आणि इंजिन दोन्ही लावून कलंडत निघालो की तो पाण्याबाहेर यायचा, हवा ओढायची. दुसऱ्या बाजूला वळलो की ठणठणीत. दोन उन्हाळे आम्ही याला 'लहरी इंजिन' म्हणत होतो.

अर्धा नॉट

मिळाला. मि ळा ला!

बादलीतून ओढल्यावर, तापलेल्या इंजिनावर, २८०० ला २९ सेकंद. म्हणजे दोष ओढणाऱ्या बाजूला. सी-कॉक उघडून तार घातली, मोकळा. स्ट्रेनर मोकळा, झाकणाची रिंग ठीक, पारदर्शक झाकणातून बुडबुडे दिसत नाहीत. मग सगळं परत जोडलं, इंजिन तापवलं आणि बंकखालची फळी काढून, आडवा पडून, टॉर्च तोंडात धरून स्ट्रेनर ते पंप पाइपवर हात फिरवत गेलो. बायको वर थ्रॉटलवर. १५०० ला पाइप गोल. २२०० ला जरा लंबगोल. २८०० ला हाताखालचा पाइप आत गेला, जवळजवळ चपटा! थ्रॉटल उतरवली की पुन्हा फुगून गोल. टॉर्च तोंडातून बिल्जमध्ये, होडीच्या तळाच्या पोकळीत पडला, पण त्याचं काही नाही.

आता कबुली. तो पाइप मागच्या हंगामात मीच बदलला होता. जुना तारेचा होता, वळायला ताठ. मी एक छान, मऊ, पारदर्शक पाइप घातला, 'आतलं पाणी दिसेल' म्हणून. वर फळी लावल्यावर कोणाला काय दिसणार होतं देव जाणे. त्यात तो नेमका गरम पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या कूलंटच्या होजला टेकलेला. गार असताना टणक राहायचा, म्हणून पहिली बादली पास. वीस मिनिटांत तिथे मऊ पडायचा आणि पंपाच्या ओढीने चपटा व्हायचा.

काखेत कळसा, गावाला वळसा. आणि कळसाही मीच ठेवलेला.

तांडेल काका

शाब्बास. आमच्या वेळी पारदर्शक पाइप नव्हते, म्हणून हा आजार नव्हता.

गियरबाबा

उत्तम काम केलंत. आता तारेच्या स्प्रिंगचा, ओढीसाठी बनवलेला पाइप घाला, गरम होजपासून बाजूला बांधा, पाण्याच्या पातळीखाली प्रत्येक टोकाला दोन दोन क्लॅम्प. जुने तारेचे पाइपही बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबतं, तेही लक्षात असू द्या.

आणि मी तुम्हाला गार बादली मोजायला लावली, त्याची माफी. तापल्यावर मोजा असं पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

अर्धा नॉट

(आठवड्याने) नवा पाइप. २८०० ला दीड तास चाललो, ८३ च्या वर गेला नाही. तापलेल्या इंजिनावर बादली २८ सेकंद. समुद्राचं पाणी आत २७, बाहेर ३८. मेकॅनिकला कळवलं, तो म्हणाला तरी एकदा हेड उघडून बघू.

बिल्जचा उंदीर

😂

विजेचा धक्का

धागा आत्ता वाचला. सगळे पाइपात रमलेत आणि मूळ प्रश्नाचा दुसरा निम्मा भाग कोणी पाहिलाच नाही. रात्री काटा चढतो त्याचं काय झालं? पाइप बदलल्यावर थांबलं?

अर्धा नॉट

नाही हो! काल रात्री २००० आरपीएमला ९६. मी दिवे लावून घाबरून बसलो होतो.

विजेचा धक्का

'दिवे लावून'. बस, झालं.

रात्री भोंगा वाजला का? नाही ना? भोंग्याचा स्विच इंजिनावर वेगळा असतो, त्याचा काट्याशी संबंध नसतो. काटा ९६ म्हणतो आणि भोंगा गप्प, म्हणजे काटा खोटं बोलतोय. आता धक्क्यावर भरदुपारी इंजिन ८० वर आणा आणि पॅनेलचा दिवा लावा. काटा उडी मारेल.

गेजची, म्हणजे काट्याच्या डायलची, अर्थिंगची वायर गंजली असणार. पॅनेलचा दिवा आणि गेज एकाच अर्थिंगवर असतात. वायर खराब असली की दिव्याच्या करंटमुळे तिथे थोडा व्होल्टेज उरतो, गेजचा हिशोब बिघडतो आणि तो जास्त गरम दाखवतो. गेजच्या मागच्या अर्थिंगच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक तात्पुरती वायर लावून बघा.

अर्धा नॉट

दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, दिवा लावला. ८० वरून ९४. बंद केला, ८०. तात्पुरती वायर लावली, दिवा लावला, काटा ढिम्म.

मागचं टर्मिनल काढलं तर हिरवं चूर्ण. वायर सहा इंच मागे कापली तरी आत काळी, शेवटी पूर्ण नवी ओढली.

बिल्जचा उंदीर

म्हणजे आधीचा मालक नव्हता तर. निराशा झाली.

खारट वारा

मला मात्र अजून उत्तर मिळालं नाही. शिडं आहेत ना होडीला?

अर्धा नॉट

आहेत हो. काल वारा छान होता, इंजिन तासभर बंद ठेवलं. मग उगाच सुरू केलं, काटा बघायला.

ओहोटी

धाग्यातून बरंच शिकलो, धन्स. तेवढ्यात माझा काटा गेल्या महिन्यापासून ५५ वरून ६२-६३ वर जातोय, तेही फक्त...

गियरबाबा

नवा धागा काढा. आणि बादली घेऊन या. इंजिन तापल्यावर.